शेवटचा हात मामाचा

६ जून

मामा,

नमस्कार मामीला सांग. तुला नाही. परवा दुकानात फोन लावला तर तू "कोण? कोण?" असं विचारत राहिलास आणि मी नाव सांगत असतानाच फोन आपटलास. म्हणून पत्र.

खोली मिळाली. लाँड्रीच्या वरच आहे, त्यामुळे खालून दिवसभर वाफ येते आणि माझे कपडे आपोआप इस्त्री झाल्यासारखे दिसतात. दिवसा चष्म्याच्या दुकानात बसते. लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायची आणि "तुम्हाला अगदी शोभते" म्हणायचं, एवढंच काम. खोटं बोलायचा सराव छान होतोय. आईला हे वाक्य वाचून दाखवू नकोस, तिला वाटतं मी तिथे डोळ्यांची डॉक्टर होणार आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेत गाते. गाणी माझी, गिटार माझी, आणि स्टूलही मीच आतून उचलून आणते. लोक बरे आहेत. अर्ध्यांच्या हातात कप असतो, त्यामुळे टाळ्या निम्म्याच पडतात, पण पडतात.

आता खरी बातमी. गेल्या गुरुवारी एक बाई पुढच्या टेबलावर येऊन बसल्या. त्यांची कॉफी तशीच गार झाली. नंतर कळलं की इथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी त्यांचा कार्यक्रम असतो. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्यांचा, म्हणजे ज्यांना कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही अशांचा. माझ्यासाठीच काढल्यासारखा कार्यक्रम आहे. त्या म्हणाल्या, एक गाणं द्या, वाजवते. लोकांना आवडलं तर आपल्या ओळखीच्या कॅसेटवाल्याकडून आठ गाण्यांची कॅसेट काढू.

कॅसेट, मामा. माझी.

सोबत "टाकी भरली की हाक मार" पाठवते आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्याच दुकानात, तुझ्याच टेपवर गायले होते ते. इथे पुन्हा चारपाच वेळा गाऊन पाहिलं, पण तसं जमेना. लहानपणी तुझ्या कामाच्या टेबलाखाली बसून मी तुझ्याकडून वचन घेतलं होतं, आठवतं? माझी पहिली कॅसेट निघेल तेव्हा शेवटचा हात तुझा. तू हातातली सोल्डरिंगची तापलेली सळई बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला होतास, आणि मला बोटाला चटका बसला होता. तर आता वेळ आली. फार काही करू नकोस. आवाज जरा वर घे, थोडी झाडपूस कर. मागे जे ऐकू येतं ते मात्र तसंच ठेव, ते मला हवं आहे.

तुझी,
भोंगा


१५ जून

चि. भोंगा हिस अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

फोन मी आपटला नाही. टेलिफोनवाल्यांनी नवीन तारा टाकल्यापासून सगळे जण पाण्याखालून बोलतात. मी दोन अर्ज केले आहेत. ते लक्ष देत नाहीत.

गाणं मिळालं. आधी खरं बोलतो. रेकॉर्डिंग तू फार वाईट केलं होतंस. रजई तोंडावर घेऊन गातेस असं वाटत होतं. शब्द कळेनात. "टाकी" आणि "हाक" तेवढं कळलं, मधलं सगळं चिखल. माझा टेप असा नव्हता, म्हणून आधी टेपच उघडला, हेड साफ केलं, तरी तेच. मग म्हटलं, ठीक आहे, भाचीचं काम आहे, बसू. गिऱ्हाइकाचा मिक्सर, केस वाळवायचं यंत्र, शाळेचा लाउडस्पीकर, सगळं बाजूला सारलं आणि बसलो. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं बटण उघडत गेलो, उघडत गेलो, आणि एका जागी तुझा आवाज असा स्वच्छ समोर येऊन उभा राहिला की मी खुर्चीत सरळ बसलो.

"टाकी भरली की हाक मार,
मी खाली उभी आहे.
नळाखाली बादली माझी
अजून अर्धीच आहे."

चांगलं लिहितेस ग. तुझ्या आजोबांना आवडलं असतं, जरी ते म्हणाले असते की बादली अर्धी असताना वर बघत कशाला उभी राहतेस.

मागे जे ऐकू येतं ते ठेव म्हणालीस. मागे नुसती घरघर होती, माझ्या पंख्याची. ती मी काढली. घरघर कुणाला आवडते? गाण्यात गाणं असावं.

सोबतचं पाकीट बंद केलं आहे. ते तसंच रेडिओच्या बाईंना दे. तुझ्या त्या स्वस्त टेपवर मध्येच वाजवून बघू नकोस, फीत ओढली जाईल. माझ्यावर विश्वास ठेव.

मामा

(ता. क. मामीकडून: पाकीट टपालात टाकायला मी नेते आहे म्हणून दोन ओळी. आमच्या टीव्हीचा आवाज एवढा असतो की शेजाऱ्यांनी त्यांचा टीव्ही विकला. आमच्याच बातम्या ऐकतात. बाकी सगळं ठीक. जेवतेस ना?)


२ जुलै

मामा,

गाणं वाजलं. रविवारी सकाळी. खाली लाँड्रीत सगळे जमले होते. लाँड्रीवाले काका, त्यांच्या दोन्ही सुना, आणि इस्त्रीला दिलेल्या कोटाची वाट बघत एक अनोळखी गृहस्थ. गाणं सुरू झाल्याबरोबर सगळे एकदम सावध झाले. असं पूर्वी कधी कुणी माझं गाणं ऐकलं नव्हतं.

छान झालं. खरंच छान झालं.

रेडिओच्या बाईंना भरपूर पत्रं आली. लोकांना शिट्टी फार आवडली. शिट्टीवालं गाणं पुन्हा लावा, असं म्हणतायत. बाईंनी पुढच्या महिन्यात स्टुडिओत येऊन गायला बोलावलं आहे, आणि कॅसेटवाले तयार आहेत. बाकीची सात गाणी मी इथे केंद्रावरच रेकॉर्ड करते आहे. त्यांच्याकडे आवाजाचं काम बघणारी एक मुलगी आहे, माझ्यापेक्षाही लहान, पण कामाला पक्की.

तुझ्याकडे सगळं पाठवायची तशी घाई नाही. तू दमला असशील. तुला कसं वाटलं ते लिही.

भोंगा


११ जुलै

चि. भोंगा,

कसं वाटलं विचारतेस? गच्चीवर तार ताणून तुमचं ते छोटं केंद्र धरलं. आमच्या दुकानासमोरचा सायकलवाला, औषधवाला, तुझी आई, सगळ्यांना बोलावलं. मोठे स्पीकर बाहेर काढले. आणि काय वाजलं! एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. मी इतकी वर्षं तुझं गाणं ऐकतो आहे, पण एवढं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुझ्या आईला विचार. औषधवाला मध्येच उठून गेला, त्याला गिऱ्हाईक आलं असेल. मामीचा चेहरा लिंबू चोखल्यासारखा होता. तिला संगीतातलं फारसं कळत नाही.

एक गोष्ट मात्र कळली नाही. शिट्टी कसली? त्या बाईही गाणं संपल्यावर शिट्टी, शिट्टी करत होत्या. तुझ्या गाण्यात शिट्टी कुठे आहे? त्यांनी तुझं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्याला चिकटवलेलं दिसतं. वेळेवर जाऊन दुरुस्त करून घे, नाहीतर उद्या तुझं श्रेय कुणी शिट्टी वाजवणारा घेऊन जाईल.

आणि घाई नाही म्हणजे काय? मी टेबल रिकामं करून ठेवलं आहे. शाळेचा लाउडस्पीकर चक्क परत पाठवला, दुसरीकडे द्या म्हटलं. बाहेर पाटी लावली आहे, "नवीन काम घेतले जाणार नाही." सात गाणी पाठव. दमायला मी काय डोंगर चढतो आहे? त्या मुलीला म्हणावं, रेकॉर्डिंग तेवढं नीट कर, शेवटचा हात ठरलेला आहे.

मामा


१२ जुलै

बाळा,

हे पत्र मी वेगळं लिहिते आहे आणि हे दुकानात गेलेत तेवढ्यात टपालात टाकते आहे.

गाणं ऐकवेना ग. वाईट वाटून घेऊ नकोस, गाणं चांगलंच असणार. पण तुझा प्रत्येक "स" कानात टोचत होता आणि मागून ती शिट्टी अशी येत होती की सायकलवाल्याचा कुत्रा दुकानात शिरला आणि बाहेर जाईना. औषधवाला कापूस आणायला गेला होता. यांना मात्र काही नाही. डोळे मिटून, मान हलवत, हसत बसले होते. मी कित्येक वर्षांत त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

आमच्या दाराची बेल यांनी वर्षभरात चार वेळा बदलली. म्हणतात, हल्ली बेल चांगल्या येत नाहीत. बेल वाजते. मी जाऊन दार उघडते. हे म्हणतात, बघ, तुला कसं कळलं कुणी आलंय ते?

मी एकदा कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं, मला जमत नाही. तुझं ऐकतात. बघ तुला काही सुचलं तर.

मामी


२० जुलै

मामा,

हे पत्र बसून वाच. चहा घेऊन बस.

"छान झालं" असं मी लिहिलं, ते चष्म्याच्या दुकानात शिकलेलं तुझ्यावर वापरलं. गाणं वाजलं तेव्हा लाँड्रीवाले काका हातातली इस्त्री तशीच सोडून रेडिओचं बटण शोधायला धावले आणि त्या अनोळखी गृहस्थांच्या कोटाची बाही जळाली. माझा आवाज सुरीसारखा येत होता. आणि सगळ्यांच्या वर, माझ्याही वर, शिट्टी. पुढच्या आठवड्यात बाईंनी मला विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलंत का? मी म्हटलं, हो. काय सांगणार?

पण मामा, लोकांना ती शिट्टी खरंच आवडली. ती थाप नव्हे. पत्रांचा गठ्ठा मी स्वतः वाचला. एका आजींनी लिहिलं आहे की गाणं कर्कश आहे, पण मागे जो कुणी आहे तो सुखी माणूस आहे.

ती शिट्टी तुझी आहे.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात बसून गात होते आणि तू पाठ करून कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त करत होतास. काम मनासारखं चाललं की तू शिट्टी वाजवतोस. आयुष्यभर वाजवत आला आहेस. मागे जे ऐकू येतं ते ठेव, म्हणजे ते ठेव म्हटलं होतं. इथे मी चारपाच वेळा गायले आणि जमलं नाही ते यामुळेच. मागे तू नव्हतास.

तू जेव्हा "शिट्टी कसली" असं विचारलंस, तेव्हा मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग फोन आठवला. रजई आणि चिखल आठवला. मामा, रेकॉर्डिंग वाईट नव्हतं. टेलिफोनवाल्यांचाही दोष नाही. तू कान दाखवून ये.

सात गाणी मी तुला पाठवत नाही. असं पाठवलं तर कॅसेट बिघडेल, आणि तुला न सांगता दुसऱ्याकडून करून घेतली तर आपलं बिघडेल. कॅसेटवाल्यांना मी थांबायला सांगितलं आहे. किती थांबतील माहीत नाही. तू रागावशील. रागाव, पण लिही.

तुझीच,
भोंगा


१८ ऑगस्ट

मामा,

अजून काहीच उत्तर नाही. टपालवाला मला बघून आता दुरूनच नकारार्थी मान हलवतो.

स्टुडिओत जाऊन गाऊन आले. बरं झालं. शिट्टी कुठे गेली असं विचारायला चार जणांनी फोन केले. बाईंनी सांगितलं, ती घरी आहे.

कॅसेटवाले म्हणतात, या महिन्याअखेर सगळं हातात दिलं नाही तर दुसऱ्या कुणाची घेतो. मी त्यांना हो म्हटलं, पण टाकीचं गाणं माझ्याकडे नाहीच. मूळ कॅसेट तुझ्या खणात आहे. त्याच्याशिवाय कॅसेट काढायची तर मी काढणार नाही. वेगळं गाणं घाल म्हणाले, मी नाही म्हटलं.

धमकी नाही ही. मला तू हवा आहेस, एवढंच.

भोंगा


२६ ऑगस्ट

चि. भोंगा,

आशीर्वाद. तक्रार या वेळी नाही. म्हणजे आहे, पण ती माझ्याबद्दल आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा फार राग आला. चहा घेतला होता, तो सांडला. मामीला म्हटलं, कालची पोर मला आवाज शिकवते. तिने सांडलेला चहा पुसला. ती अशी शांतपणे पुसते तेव्हा मला जास्त राग येतो.

मग मी माझ्या पद्धतीने शहानिशा करायची ठरवली. माझ्याकडे सूर काढायचं यंत्र आहे, स्पीकर तपासायला वापरतो. एक बटण फिरवलं की घुमणाऱ्या आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत चढत जातं. मांजर शेजारच्या खुर्चीवर झोपलं होतं. मी बटण फिरवायला लागलो. ऐकू येतंय, येतंय, येतंय, आणि मग काही नाही. म्हटलं, यंत्र बिघडलं. उघडायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तेवढ्यात मांजराकडे लक्ष गेलं. ते उठून बसलं होतं आणि कान ताठ करून स्पीकरकडे बघत होतं. मी बटण आणखी फिरवलं. मांजर खुर्चीवरून उडी मारून निघून गेलं. मी तिथेच बसलो होतो, भोंगा, बटण हातात धरून. यंत्र उत्तम चालू होतं.

इतके दिवस लिहिलं नाही ते रागाने नव्हे. राग त्याच दिवशी गेला. लाज वाटत होती. लोकांचे आवाज दुरुस्त करून पोट भरलं आणि स्वतःचा बिघाड कळला नाही, हे कुणाला तोंडाने सांगायचं?

शेवटी मामीला म्हटलं, चल. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी कानामागे लावायचं यंत्र दिलं. चण्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठं. मी घरी आल्याबरोबर ते उघडून बघितलं, आत कसं केलं आहे ते. बंद करताना एक बारीक स्प्रिंग उडाली ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी मामीकडे बघितलं आणि मामीने त्यांच्याकडे. बायका एकमेकींना काहीही न बोलता बरंच सांगतात.

आता लावलं आहे. भलताच गोंगाट आहे जगात. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर काहीतरी फाटल्यासारखं वाटतं. माझ्या चपला वाजतात, हे मला माहीतच नव्हतं. बेल वाजते. चारही बेल चांगल्या होत्या. फोनही लावून बघितला, घड्याळवाल्याला. तो पाण्याबाहेर आला आहे.

आधी मी माझं केलेलं ऐकलं. रेडिओवर गेलेलं. अर्धं पण ऐकवलं नाही. त्या कोटवाल्या गृहस्थांना माझ्यातर्फे माफी सांग. औषधवाल्याकडे मी स्वतः जाऊन आलो.

मग खणातून मूळ कॅसेट काढली. लावली. पंख्याची घरघर होती तीच. तू गायला लागलीस. तारांवरून बोटं सरकतात त्याचा बारीक चीं चीं आवाज येतो, तो ऐकला. पहिल्यांदा वाटलं, हे साफ करायला हवं. हात बटणाकडे गेला होता. आणि मग मागून कुणीतरी शिट्टी वाजवू लागला.

तालात नव्हता. दुसऱ्या कडव्याला तर तो तुझ्यापुढे निघून गेला आणि मग थांबून तुझी वाट बघत होता. मजेत होता लेकाचा. मी स्वतःला म्हटलं, हा कोण? आणि मला इतकं हसू आलं की मामी आतून बघायला आली. मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, रोज असंच वाजवता. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, मला आवडतं म्हणून.

त्या आजींना कळवून टाक की त्यांचं बरोबर आहे.

तर आता कॅसेटचं. सात गाणी त्या मुलीकडेच राहू दे. तिचे कान कोवळे आहेत, तिला करू दे. मला फक्त एकदा ऐकव. गुरुवारी मी आणि मामी येतो आहोत, थेट तुझ्या कॅफेत. यंत्र लावून येईन. पुढच्या टेबलावर बसेन आणि कॉफी गार करेन.

टाकीच्या गाण्याची मूळ कॅसेट या पाकिटात आहे. कॅसेटवाल्यांना आजच नेऊन दे. तिला मी काहीही केलेलं नाही. घरघर आहे, बोटांचा आवाज आहे, तो मागचा माणूसही आहे. सगळं तपासलं, आणि बटणाला हात न लावता बंद केलं. शेवटचा हात माझाच झाला, ठरल्याप्रमाणे.

तुझा,
मामा

(ता. क. मामीकडून: आता ते दिवसभर शिट्टी वाजवतात, आणि चुकली की थांबून पुन्हा पहिल्यापासून घेतात. शेजाऱ्यांनी नवीन टीव्ही आणला. गुरुवारी पुढच्या टेबलावर जागा ठेव, आणि कॅफेवाल्यांना सांगून ठेव की हे मध्येच साथ देतील, मला आवरणार नाहीत.)